दोन जॉब, एकच ०००१ : अमेरिकी सैन्याच्या एका छोट्या पुरवठादाराचं प्रकरण

हे प्रकरण अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका वर्कशॉपचं आहे. चाळीसेक माणसं, मालकाच्या वडिलांनी उभा केलेला धंदा, अ‍ॅल्युमिनियम आणि स्टीलचं मशीनिंग. मी तिथे गुणवत्तेचं काम सल्लागार म्हणून बघत होतो. वर्कशॉपचं नाव, गाव, पार्ट नंबर आणि ड्रॉइंगमधला तपशील इथे देणार नाही. लष्करी ड्रॉइंगना निर्यात नियंत्रणाचे नियम लागू असतात आणि माणसांची ओळखही झाकायची आहे. त्यासाठी काही संख्या किंचित बदलल्या आहेत. घटनांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

हे मराठीत लिहायचं कारण भोसरीत आहे. इकडे येण्याआधी मी तिथे काम करायचो. तिथले जुने सोबती अधूनमधून फोन करतात : "पीओच्या (खरेदी ऑर्डरच्या) तळाशी एक ओळ आलीय, मिल-स्टँडर्ड-१३० प्रमाणे आययूआयडी मार्किंग करा म्हणून. नंबर पंच मारून भागेल का?" आययूआयडी म्हणजे प्रत्येक वस्तूला जगात एकमेव अशी ओळख देऊन ती तिच्यावर उमटवणं, आणि मिल-स्टँडर्ड-१३० हे अशा खुणांचं अमेरिकी लष्करी मानक. नंबर पंच मारून भागत नाही. का भागत नाही, ते या प्रकरणातून नीट कळेल.

पार्श्वभूमी

प्रत्येक कारखाना आपापल्या मालाला सिरियल नंबर देतो आणि बहुतेक जण ०००१ पासूनच सुरुवात करतात. एकाच कारखान्यात ते चालून जातं. पण लाखो पुरवठादारांचा माल जिथे एकत्र येतो, तिथे ०००१ नंबरचे पंप, व्हॉल्व्ह आणि रेडिओ हजारोंनी सापडतात. नेमका कुठला पंप दुरुस्तीला आला, कुठल्याची वॉरंटी संपली, कुठल्याची किंमत हिशेबात धरायची, हे नंबरावरून सांगता येत नाही. म्हणून अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २९ जुलै २००३ ला धोरण जाहीर केलं आणि १ जानेवारी २००४ पासून ते नव्या निविदांना लागू केलं. महत्त्वाच्या प्रत्येक वस्तूला जगात दुसरीकडे कुठेही नसेल अशी ओळख द्यायची, ती वस्तूवर यंत्राला वाचता येईल अशी कायमची उमटवायची आणि एका मध्यवर्ती रजिस्ट्रीत नोंदवायची, असं ते धोरण सांगतं. या ओळखीला यूआयआय म्हणतात.

करारात हे डीफार्सच्या, म्हणजे संरक्षण खात्याच्या खरेदी नियमांच्या, २५२.२११-७००३ या कलमातून येतं. एका नगाची किंमत ५,००० डॉलर किंवा त्याहून जास्त असेल, तर यूआयआय लागतो. किंमत कमी असली तरी करारात त्या वस्तूचं नाव घेतलेलं असेल, तर तेव्हाही लागतो. मोठ्या वस्तूच्या पोटात बसणारे भाग यादीत दिलेले असतील, तर त्यांनाही लागतो. आणि ज्याच्याकडून तुम्ही असा भाग विकत घेता, त्याच्या करारातही हेच कलम उतरवावं लागतं.

चिन्ह असतं डेटा मॅट्रिक्सचं, म्हणजे क्यूआर कोडच्या कुळातलाच पण जास्त दाटीचा चौकोन. त्यात काय असावं आणि त्याचा दर्जा कसा मोजावा, हे मिल-स्टँडर्ड-१३० मध्ये दिलं आहे. चिन्ह वस्तूच्या नेहमीच्या आयुष्यभर टिकलं पाहिजे. एकदा दिलेला यूआयआय त्या वस्तूचाच राहतो. पुढे तिच्यात फेरबदल झाले, पार्ट नंबर बदलला, ती दुसऱ्या वाहनावर गेली, तरी यूआयआय बदलत नाही.

आता या प्रकरणाचा गाभा. यूआयआय दोन पद्धतींनी बांधता येतो.

शाळेतलं उदाहरण घेऊ. हजेरी नंबर १ प्रत्येक वर्गात असतो. पाचवी अ मध्येही आणि नववी क मध्येही. जनरल रजिस्टरचा नंबर मात्र अख्ख्या शाळेत एकाच मुलाचा असतो, आणि दाखल्यावर तोच लागतो. पहिली पद्धत, म्हणजे कन्स्ट्रक्ट एक, ही जनरल रजिस्टरसारखी आहे. संस्थेचा कोड (बहुधा पाच अक्षरांचा केज कोड, अमेरिकेबाहेरच्या कंपन्यांना एनकेज मिळतो) आणि त्यापुढे सिरियल नंबर. हा सिरियल नंबर त्या संस्थेने आजवर केलेल्या कुठल्याही वस्तूला दिलेला नसला पाहिजे. दुसरी पद्धत, कन्स्ट्रक्ट दोन, ही इयत्ता, तुकडी आणि हजेरी नंबरासारखी आहे : संस्थेचा कोड, मूळ पार्ट नंबर आणि सिरियल नंबर. इथे प्रत्येक पार्ट नंबरसाठी ०००१ पासून सुरुवात केली तरी चालतं.

दोन्ही पद्धती अधिकृत आहेत. पण पहिली निवडली, तर तुम्ही सगळ्या मालाचं एकच जनरल रजिस्टर ठेवण्याचा शब्द देता. या वर्कशॉपमध्ये असा शब्द दिला गेला होता आणि तो दिल्याचं कोणालाच माहीत नव्हतं.

अडचण

पहिलं कंत्राट हायड्रॉलिक मॅनिफोल्डचं होतं. २४ नग, नगाला सुमारे ६,२०० डॉलर. सिरियल नंबर ०००१ ते ००२४. प्लेटा छापणारं सॉफ्टवेअर नवीन होतं. ते बसवताना एका मेन्यूत "सिरियल नंबरचा प्रकार" विचारला गेला. यादीत सगळ्यात वर जे होतं ते निवडलं गेलं, आणि ते कन्स्ट्रक्ट एक होतं. सगळं सुरळीत पार पडलं. २४ यूआयआय नोंदले गेले, माल गेला, पैसे आले.

वर्षभरानंतर दुसरं कंत्राट आलं. व्हॉल्व्हची एक मोठी जोडणी, १८ नग, नगाला ८,४०० डॉलरच्या आसपास. नवा पार्ट नंबर, म्हणून वर्कशॉपच्या जुन्या रीतीप्रमाणे पुन्हा ०००१ पासून सुरुवात. प्लेटेसाठी जुनाच टेम्प्लेट उघडला, पार्ट नंबर बदलला आणि छापला.

पहिले सहा नग खोक्यांत भरून डॉकवर उभे होते. डीसीएमएच्या, म्हणजे संरक्षण खात्याच्या करारांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, प्रतिनिधीने माल पाहिला होता. रवानगीचं काम बघणाऱ्या बाईंनी सरकारी पोर्टलवर रिसीव्हिंग रिपोर्ट भरायला घेतला. त्यातच यूआयआयची माहिती द्यावी लागते : ओळख, पार्ट नंबर, सिरियल, वस्तूचं वर्णन, नगाची किंमत, करार क्रमांक. रिपोर्ट पुढे जाईना. हा यूआयआय आधीच नोंदलेला आहे, असं उत्तर येत होतं. त्यांना वाटलं टायपिंगची चूक झाली असेल. दोनदा भरून पाहिलं. सहाही नगांचं तेच.

मला फोन आला तेव्हा मलाही आधी पोर्टलचाच दोष वाटला. मग पहिल्या कंत्राटातल्या एका बाद मॅनिफोल्डची प्लेट कपाटातून काढली, नव्या व्हॉल्व्हची प्लेट शेजारी ठेवली आणि दोन्ही कोड स्कॅनरने नोटपॅडमध्ये वाचले. प्लेटांवरचा डोळ्यांना दिसणारा मजकूर वेगळा होता. पार्ट नंबर वेगळे, वर्णन वेगळं. पण नोटपॅडमध्ये उमटलेल्या दोन ओळी अक्षर न् अक्षर सारख्या होत्या. दोन्ही १८एस या खुणेने सुरू होत होत्या. ही खूण यंत्राला सांगते की पुढे संस्थेचा कोड आणि संस्थाभर एकमेव असा सिरियल नंबर येणार आहे. पार्ट नंबर त्या ओळखीत नव्हताच.

म्हणजे प्लेट वाचणाऱ्या माणसाला दोन वेगळ्या वस्तू दिसत होत्या आणि यंत्राला एकच. तपासणी करणारे आम्ही सगळे माणसंच होतो, त्यामुळे हे कोणाच्या नजरेला पडलं नाही.

बाकीचे १२ नग वेगवेगळ्या टप्प्यांवर होते. काहींवर प्लेटा बसून ते रंगकामाला गेले होते. रंग साधा नव्हता, लष्करी वाहनांवर लागतो तो रासायनिक अस्त्रांना दाद न देणारा कार्क. प्लेट रिव्हेट करून, तिच्यावर मास्किंग टेप लावून मग रंग मारायचा, अशी तिथली पद्धत होती.

कोणते पर्याय समोर होते

मालकाने पहिल्यांदा सुचवलं ते सोपं वाटणारं : नवं पॉलिस्टरचं लेबल छापायचं आणि जुन्या प्लेटेवर चिकटवायचं. मी नाही म्हणालो. लेबल निघालं की खालचा चुकीचा कोड पुन्हा वर येणार, आणि तो धडधडीत वाचता येणार. न वाचता येणारा कोड निदान कोणाची दिशाभूल करत नाही. वाचता येणारा चुकीचा कोड करतो.

दुसरा विचार सवलत मागण्याचा. डीफार्समध्ये अशी तरतूद खरोखर आहे : छोट्या उद्योगाकडून घेतलेल्या वस्तूंवर माल मिळाल्यानंतर सरकारनेच खूण करून नोंद करणं स्वस्त पडत असेल, तर तसा लेखी निर्णय वरिष्ठ पातळीवर करता येतो. ज्या छोट्या पुरवठादाराला वर्षाकाठी असे पाच-सहाच नग द्यायचे असतात, त्याने निविदा भरतानाच हा विषय काढणं रास्त आहे. पण तो करार होण्याआधी काढायचा विषय आहे. डॉकवर खोकी अडकल्यावर नाही.

तिसरा पर्याय माझा होता. कन्स्ट्रक्ट एकच ठेवायचा आणि नव्या १८ नगांना ००२५ ते ००४२ असे पुढचे नंबर द्यायचे. एक रजिस्टर, एक पद्धत, पुढे गोंधळ नको. मला तो इतका सरळ वाटत होता की मी नव्या नंबरांची यादीसुद्धा करून ठेवली.

त्याला आडव्या आल्या फोरमन बाई. तीस वर्षं शॉपफ्लोरवर काढलेल्या. त्यांनी काही न बोलता प्रेशर टेस्टची फाइल माझ्यासमोर ठेवली. प्रत्येक नगाच्या टेस्टचा गोल चार्ट, त्यावर निळ्या शाईत हाताने लिहिलेला सिरियल नंबर, शेजारी टेस्ट करणाऱ्याचा आणि साक्षीदाराचा शिक्का. "हे अठरा कागद खोडणार का?" त्यांनी विचारलं. नंबर बदलायचा म्हणजे चार्ट, रूट कार्ड, मालाचं प्रमाणपत्र, सगळीकडे दुरुस्त्या करायच्या. पुढे कधी एखादा व्हॉल्व्ह फुटला आणि चौकशी झाली, तर सगळ्यात आधी हाच चार्ट मागतील. त्यावर खाडाखोड दिसली, तर टेस्ट याच नगाची होती हे कोणी मानावं? त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी यादी फाडून टाकली.

उरला चौथा पर्याय : सिरियल नंबर तसेच ठेवून या १८ नगांसाठी कन्स्ट्रक्ट दोन वापरायचा. पार्ट नंबर ओळखीत आला की ०००१ ला ०००१ भिडत नाही. चार्ट, रूट कार्ड, प्रमाणपत्र, कशालाही हात लावावा लागत नाही. बदलते ती फक्त प्लेट.

पण यातही एक खाच आहे. यूआयआय बांधताना संस्थेचा कोड, पार्ट नंबर आणि सिरियल नंबर सलग जोडले जातात, मध्ये कसलंही विभाजक चिन्ह नसतं. समजा एका वस्तूचा पार्ट नंबर ७१२ आणि सिरियल ३४ आहे, दुसरीचा पार्ट नंबर ७१ आणि सिरियल २३४. जोडल्यावर दोन्ही ७१२३४. वस्तू वेगळ्या, ओळख पुन्हा एकच. त्यामुळे सिरियल नंबर कायम चारच आकडी असेल, असा नियम आम्ही तिथल्या तिथे लिहून काढला. लांबी ठरलेली असली की ही टक्कर होऊच शकत नाही.

पहिल्या कंत्राटातल्या २४ नगांचं काय? मालकाला वाटत होतं की पद्धत बदललीच आहे, तर तेही बदलून घ्यावेत. तो प्रश्न लगेच मिटला. ते नग नोंदलेले आहेत, त्यांची ओळख खरी आहे आणि ती आता त्यांचीच आहे. त्यांना हात लावायचा नाही. एका संस्थेने दोन्ही पद्धती वापरायला नियमाची हरकत नाही. फक्त कुठे कोणती वापरली याची वही हवी.

काय केलं

त्याच दिवशी कराराच्या प्रशासकाला कळवलं : चिन्हांकनात चूक सापडली आहे, माल ठीक आहे, सहा नगांना उशीर होईल, सुधारित तारीख ही. ही मेल मी मालकाच्या शेजारी बसून लिहून घेतली. उशीर झाल्यावर सांगण्यापेक्षा होण्याआधी सांगणं तिथे फार वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

माल अजून सरकारने स्वीकारलेला नव्हता, ही आमची जमेची बाजू. वस्तू आमच्याच ताब्यात असल्यामुळे प्लेट काढायला कोणाची वेगळी परवानगी लागत नव्हती. तरी डीसीएमएच्या प्रतिनिधीला कामाची पद्धत आधी दाखवून घेतली.

प्लेट काढायची तर रिव्हेट ड्रिल मारून काढावी लागते. ड्रिल खोल गेलं तर बॉडीला इजा होणार, म्हणून बिटावर स्टॉप कॉलर लावून खोली बांधून घेतली. पहिली प्लेट निघाली आणि तिच्याखाली अ‍ॅल्युमिनियमचा उघडा आयत दिसला. रंग प्लेटेभोवती होता, प्लेटेखाली नव्हता. नवी प्लेट थोडी जरी लहान झाली तरी कडेने उघडा धातू दिसणार. मोठी केली तर ती ताज्या रंगावर चढणार आणि सपाट बसणार नाही. म्हणून नवी प्लेट जुन्याच मापाची करायची ठरली.

इथून पुढची अडचण उभी राहिली. कन्स्ट्रक्ट दोनमध्ये मजकूर लांब होतो, म्हणून कोडाचा चौकोनही वाढतो. आधी १६ बाय १६ घरांचा कोड होता, आता २२ बाय २२ घरं लागत होती. एक घर ०.०१५ इंचाचं धरलं, तर सहा मिलिमीटरचा चौकोन साडेआठ मिलिमीटरच्या जवळ गेला. मापात बसला, पण जेमतेम. नमुना प्लेट आली, मालकाने खिशातला फोन काढून कोड वाचला आणि म्हणाला, झालं काम.

मग प्लेट व्हेरिफायरखाली ठेवली. स्कॅनर आणि व्हेरिफायर यांत फरक आहे. स्कॅनर कसंही करून वाचायचा प्रयत्न करतो. व्हेरिफायर ठरलेल्या प्रकाशात, ठरलेल्या छिद्रातून कोड किती चांगला आहे ते मोजतो आणि श्रेणी देतो. लेबलासारख्या छापील कोडाला मिल-स्टँडर्ड-१३० प्रमाणे किमान ३.०, म्हणजे बी श्रेणी लागते. आमच्या प्लेटेला एफ मिळाली. कॉन्ट्रास्ट उत्तम, घरं नेमक्या मापाची, तरीही एफ. नापास केलं होतं फक्त एका निकषाने, ठरावीक नक्षीतल्या बिघाडाने. कोडाच्या कडा आणि भोवतीची मोकळी जागा या निकषात तपासली जाते.

भिंगाखाली पाहिल्यावर कारण दिसलं. प्लेटेवर कडेने शोभेसाठी एक बारीक काळी चौकट होती. डेटा मॅट्रिक्सच्या चारही बाजूंनी निदान एका घराइतकी मोकळी जागा लागते. कोड मोठा झाल्यावर उजवीकडची चौकटीची रेघ त्या मोकळ्या जागेत शिरली होती. अर्ध्या मिलिमीटरहून कमी अंतराचा प्रश्न होता. कोऱ्या, स्वच्छ प्लेटेवर फोनने ते चालवून घेतलं. दहा वर्षं चिखल, डिझेल आणि प्रेशर वॉशर सोसलेल्या प्लेटेवर चाललं नसतं. चौकट काढून टाकली. पुढची प्लेट ए श्रेणीत आली. सगळ्या १८ प्लेटा रिव्हेट करण्याआधी व्हेरिफायरखाली गेल्या आणि बसवल्यावर पुन्हा एकदा वाचल्या.

काढलेल्या जुन्या प्लेटा मोजल्या, फोटो काढले आणि कातरीने कोडावरून कापल्या. हे मी हट्टाने करून घेतलं. चुकीची ओळख असलेली प्लेट ड्रॉवरमध्ये पडून राहिली, की एखाद्या घाईच्या दिवशी ती कुठेतरी बसतेच.

दहा नग

इथवर हे एका वर्कशॉपच्या आतलं प्रकरण होतं. फोरमन बाईंनी प्लेटांच्या सॉफ्टवेअरमधली छपाईची यादी मागे नेऊन तपासली आणि ते बाहेर गेलं.

दोन कंत्राटांच्या मधल्या काळात एक छोटं काम झालं होतं. एका मोठ्या कंपनीसाठी, म्हणजे सरकारशी थेट करार असलेल्या प्राइमसाठी, १० ब्रॅकेट. नगाला १,९०० डॉलर. करारात यूआयआयची अट नव्हती, किंमतही उंबरठ्याच्या खूप खाली. पण प्लेट छापणाऱ्या मुलाने तोच टेम्प्लेट उघडला होता. टेम्प्लेटमध्ये कोड होता, म्हणून कोड छापला गेला. सिरियल ०००१ ते ००१०.

नोंदणी करायची नव्हती, म्हणून पोर्टलने अडवण्याचा प्रश्नच आला नाही. ते दहा ब्रॅकेट कधीच जाऊन पोचले होते. प्रत्येकावर पहिल्या कंत्राटातल्या एकेका मॅनिफोल्डची ओळख होती. एखाद्या डेपोत कोणी तो ब्रॅकेट स्कॅन केला, तर समोर मॅनिफोल्डची नोंद उघडणार. ६,२०० डॉलरची किंमत, वेगळा करार, वेगळी वस्तू. ब्रॅकेट मोडीत काढला, तर कागदावर मॅनिफोल्ड मोडीत जाणार आणि खरा मॅनिफोल्ड वाहनावर बिनओळखीचा राहणार.

प्राइमला सांगायचं की नाही, यावर तीन दिवस गेले. मालक वाईट माणूस नाही. त्याची भीती खरी होती : प्राइम त्याचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक, आणि असं पत्र गेलं की पुरवठादाराच्या गुणांकनावर ते कायमचं उमटतं. त्याचा मुद्दा असा की अट नसलेल्या मालावरचा कोड कोणी वाचायलाच जाणार नाही. माझं म्हणणं होतं, कोड दिसला की माणूस तो वाचतो, त्यासाठीच तो असतो. आणि दुसरं, ज्या दहा मॅनिफोल्डची ओळख बिघडणार होती, ते वर्कशॉपने सचोटीने केलेले, पैसे घेतलेले, नोंदलेले नग होते. आपलाच चांगला माल आपणच संशयाच्या छायेत ठेवत होतो. चौथ्या दिवशी पत्र गेलं. त्यात दहाही सिरियल नंबर, प्लेटेचा फोटो आणि बदली प्लेटा आमच्या खर्चाने पाठवण्याची तयारी, एवढंच होतं. सबबी एकही नव्हती.

निष्पत्ती

सहा नग अकरा दिवस उशिरा गेले. बाकीचे बारा मूळ तारखेच्या आत. उशिराच्या बदल्यात सरकारने कन्सिडरेशन मागितलं, म्हणजे मुदत वाढवून देताना सरकारला काहीतरी परतफेड मिळावी लागते. मालकाने किमतीत थोडी सूट दिली आणि कराराची तारीख रीतसर बदलली गेली. अठराही यूआयआय पहिल्याच प्रयत्नात नोंदले गेले.

दहापैकी सात ब्रॅकेट प्राइमच्या गोदामातच होते. त्यांना कोड नसलेल्या साध्या प्लेटा बसवल्या : केज कोड, पार्ट नंबर, सिरियल नंबर. तेवढंच त्या करारात मागितलं होतं. तीन मोठ्या जोडणीत बसून पुढे गेले होते. प्राइमने ते आपल्या करार अधिकाऱ्याला कळवलं. गिऱ्हाईक टिकलं. गुणांकनात त्या तिमाहीला नोंद लागली, ती तशीच आहे.

आता वेगळं काय करू

पहिला निर्णय घेतला जातोय हेच कोणाला कळलं नाही, आणि इथे सगळ्यात जास्त बदलायला हवं. मेन्यूमधला तो पर्याय सॉफ्टवेअर बसवणाऱ्या बाहेरच्या माणसाने दहा सेकंदांत निवडला. खरं तर तो करार तपासणीच्या बैठकीत, गुणवत्ता आणि नियोजन दोघांनी मिळून ठरवायचा विषय आहे. ज्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक पार्ट नंबरला नव्याने नंबर देण्याची रीत मुरलेली आहे, तिथे कन्स्ट्रक्ट दोनच बरा. माणसांची वर्षानुवर्षांची सवय मोडण्यापेक्षा सवयीला साजेशी पद्धत घ्यावी. जिथे संगणकच सगळ्या मालाला एका ओळीत नंबर देतो, तिथे कन्स्ट्रक्ट एक सुटसुटीत पडतो आणि कोडही लहान राहतो.

टेम्प्लेट आता दोन आहेत, कोडासह आणि कोडाशिवाय. कोडाचा टेम्प्लेट उघडायला करार क्रमांक टाकावा लागतो. प्लेट छापण्याआधी तिचा यूआयआय वर्कशॉपच्या स्वतःच्या यादीत शोधला जातो. हे एवढं एक काम आधी असतं, तर प्लेट बसण्याआधीच सगळं उघड झालं असतं. सरकारी रजिस्ट्री ही शेवटची चाळणी आहे. तिच्यावरच विसंबायचं आणि आपली पहिली चाळणी ठेवायचीच नाही, असं तिथे कोणी ठरवलं नव्हतं. पण तसंच वागलं जात होतं.

ते तीन दिवस मी परत येऊ देणार नाही. कोणाला कळवायचं आणि किती तासांत, हे आता लिहून ठेवलं आहे, म्हणजे भीती वाटत असताना ते ठरवावं लागणार नाही.

भोसरीच्या मित्राला मी दोनच प्रश्न दिले, अमेरिकेतल्या प्राइमला विचारायला. एक, कोडात कोणाचा केज कोड जाणार, तुमचा की माझा? ज्याचा कोड, त्याच्यावर ओळख एकमेव ठेवण्याची जबाबदारी. प्राइमचा कोड वापरायचा असेल, तर सिरियल नंबरही प्राइमनेच द्यायला हवेत. मनाने घातलेला ०००१ त्याच्या दुसऱ्या कुठल्या पुरवठादाराच्या ०००१ ला जाऊन भिडेल. दोन, कन्स्ट्रक्ट कोणता? त्याने विचारलं. आठवड्याने प्राइमकडून नंबरांची यादी आली, आणि तोवर त्याने एकही प्लेट छापली नव्हती.

इकडच्या वर्कशॉपमध्ये प्लेटांच्या टेबलावर आता एक जाड बांधणीची वही असते. संगणकातली यादी वेगळी, ही वेगळी. फोरमन बाई ती स्वतः लिहितात : यूआयआय, पद्धत, पार्ट नंबर, करार, तारीख, स्थिती. त्या दहा ब्रॅकेटची नोंदही तिच्यात आहे. सात ओळींसमोर "प्लेट बदलली" असं निळ्या शाईत लिहिलं आहे. तीन ओळींसमोरचा रकाना अजून कोरा आहे, आणि दर तिमाहीला मी प्राइमला त्याबद्दल मेल पाठवतो.